मागेल त्याला मेमरी?

विशेष प्रतिनिधी, लातूर

लातूरकरांना २०१६ चा उन्हाळा अजून आठवतो. मांजरा धरण आटले होते. मार्चमध्ये पाणी भरण्याच्या ठिकाणांभोवती जमावबंदीचे १४४ कलम लावावे लागले आणि १२ एप्रिल रोजी मिरजेहून निघालेली 'जलदूत' रेल्वे दहा वाघिणींतून पाच लाख लिटर पाणी घेऊन लातूर स्थानकात दाखल झाली. टंचाईच्या त्या दिवसांत पाणी वाटणाऱ्यांपुढचे प्रश्न दिसायला साधेच होते. एका मागणीला जास्तीत जास्त किती द्यायचे? कोणी दोन हजार लिटरची टाकी असल्याचे सांगितले, तर ती खरोखर तेवढी आहे का, हे कोण पाहणार? दिलेले पाणी कोणाच्या नावावर मांडायचे? आणि टाकी भरून वाहू लागली, तर पाइप कोण काढणार?

हेच प्रश्न आपल्या खिशातल्या मोबाइलमध्ये, बँकेच्या संगणकात आणि घरातल्या इंटरनेटच्या राउटरमध्येही क्षणोक्षणी उभे राहतात. तिथे पाण्याच्या जागी मेमरी असते, एवढाच फरक. नांदेडच्या विष्णुपुरीतील श्री गुरू गोविंदसिंगजी अभियांत्रिकी संस्था असो की लातूरचे एखादे संगणकशास्त्राचे महाविद्यालय, ऑपरेटिंग सिस्टिम हा विषय अभ्यासक्रमात असतोच. मेमरी मागायची कशी, हे विद्यार्थ्याला पहिल्याच वर्षी कळते. परक्याने सांगितलेल्या आकड्यावर विसंबून मेमरी दिली तर काय होते, हे मात्र जगातल्या निष्णात प्रोग्रॅमरांनाही वीस वर्षे ठेचा खात शिकावे लागले आहे. लिनक्स या प्रणालीच्या एका छोट्याशा कोपऱ्यातली ही हकिगत त्यासाठी मुद्दाम पाहण्यासारखी आहे. अँड्रॉइडचे सर्व मोबाइल आणि इंटरनेटवरील बहुसंख्य सर्व्हर लिनक्सवरच चालत असल्याने हा कोपरा आपल्यापासून फार दूर नाही.

गाभ्यातला साठा

ऑपरेटिंग सिस्टिमच्या मध्यभागी जो गाभा असतो, त्याला कर्नल म्हणतात. आपण वापरतो ते ब्राउझर, गाण्यांचे अॅप, हिशेबाचा प्रोग्रॅम हे सारे या कर्नलचे भाडेकरू. प्रत्येकाला स्वतंत्र खोली दिलेली असते. एखाद्या भाडेकरूने आपल्या खोलीत कितीही पसारा केला, तरी फार तर तो एक प्रोग्रॅम बंद पडतो. पुन्हा सुरू केला की काम भागते.

कर्नलची स्वतःची मेमरी मात्र वेगळी. तिथे भिंती नाहीत. एका कामासाठी घेतलेल्या जागेला लागूनच दुसऱ्या कामाची जागा असते आणि तिसऱ्याची त्यापलीकडे. चुकून दोन बाइट शेजारी सांडले, तर ते कोणाच्या तरी महत्त्वाच्या नोंदीवर पडतात. शिवाय टंचाईच्या वेळी प्रोग्रॅमची मेमरी तात्पुरती डिस्कवर हलवता येते, तशी लिनक्समध्ये कर्नलची मेमरी हलवता येत नाही. दिली ती दिली. त्यामुळे इथली चूक दोन प्रकारे भोवते. एक तर अख्खे यंत्र जागच्या जागी थांबते. किंवा, आणि हे अधिक वाईट, साधा वापरकर्ता गुपचूप यंत्राचा मालक होऊन बसतो.

त्यातही नेटवर्कचे काम सांभाळणारा भाग विशेष नाजूक. कारण त्याचा सारा व्यवहार दुसऱ्याने लिहून दिलेल्या आकड्यांवर चालतो. एखादा प्रोग्रॅम म्हणतो, ही माझी फायरवॉलच्या नियमांची यादी, ती इतक्या बाइटची आहे, तेवढी जागा करा. दुसरा म्हणतो, येणारा मजकूर साठवायला मला इतकी मोठी जागा हवी. आणि हजारो किलोमीटरवरून आलेले एखादे पाकीट म्हणते, मी मोठ्या संदेशाचा एक तुकडा आहे, बाकीचे येईपर्यंत मला ठेवून घ्या. यातला एकही आकडा कर्नलने स्वतः मोजलेला नसतो.

या भोळेपणाचा पहिला मोठा फटका १९९६-९७ च्या सुमारास बसला. इंटरनेटच्या नियमानुसार एक पाकीट ६५,५३५ बाइटपेक्षा मोठे असू शकत नाही. पण तुकड्यांवरच्या आकड्यांत थोडी लबाडी केली, की जोडून झालेले पाकीट या मर्यादेच्या पुढे जाई. जोडणाऱ्याने जागा केलेली असे नियमाएवढी आणि मजकूर येई त्याहून अधिक. निरनिराळ्या कंपन्यांची यंत्रे अशा एका पाकिटासरशी कोसळत. 'पिंग ऑफ डेथ' या नावाने तो प्रकार तेव्हा गाजला.

चोवीस बाइटचे शेततळे

राज्य सरकारने फेब्रुवारी २०१६ मध्ये 'मागेल त्याला शेततळे' ही योजना आणली. नाव उदार असले, तरी आत नियम होते. तळ्याचा कमाल आकार ३० बाय ३० बाय ३ मीटर, अनुदान जास्तीत जास्त ५० हजार रुपये आणि अर्जदाराच्या नावावर जमीन हवीच. मागणाऱ्याने काहीही मागावे. किती द्यायचे, ते योजना ठरवणार. लिनक्सच्या फायरवॉलमध्ये नियमांची यादी स्वीकारणाऱ्या भागात ही शिस्त यायला बराच काळ जावा लागला. आयपीटेबल्स नावाची ही फायरवॉल जगभरच्या सर्व्हरांवर वर्षानुवर्षे वापरली गेली आहे. तिच्यात नियमांची यादी देणारा प्रोग्रॅम यादीचा आकारही सांगतो, कर्नल तेवढी जागा घेतो आणि यादी त्यात उतरवून घेतो.

मार्च २०१६ मध्ये या जागी एक गणिती खोट उघड झाली. ३२ बिटांच्या यंत्रात मोजता येणारी सर्वांत मोठी संख्या ४,२९,४९,६७,२९५ ही आहे. त्यापुढे गेले की जुन्या गाडीच्या किलोमीटरच्या काट्यासारखे आकडे पुन्हा शून्यापासून सुरू होतात. आता समजा, कोणी मुद्दाम ४,२९,४९,६७,२०० बाइटची यादी असल्याचे सांगितले. कर्नल त्यात स्वतःच्या नोंदींसाठी, उदाहरणादाखल, १२० बाइट मिळवतो. बेरीज ४,२९,४९,६७,३२० यायला हवी. पण काटा फिरून जातो आणि हातात उरतात फक्त २४. कर्नल निर्धास्तपणे चोवीस बाइटची जागा घेतो, कारण एवढीशी मागणी नाकारण्याचे काही कारणच नसते. पुढचा कोड मात्र आपल्याकडे भरपूर जागा आहे, अशा समजुतीने लिहू लागतो. दुरुस्ती अवघ्या एका ओळीची होती: बेरीज मूळ संख्येपेक्षा लहान आली, तर मागणी फेटाळा.

गुणाकारात हा धोका अधिक. प्रत्येकी ४० बाइटच्या १०,७३,७४,१८३ नोंदी हव्यात, असे कोणी सांगितले, तर ३२ बिटांत त्याचे उत्तरही २४ च येते. पडताळून पाहायला हरकत नाही. एकेका ठिकाणी अशी तपासणी लिहीत बसण्यापेक्षा गुणाकारच सुरक्षित करावा, या विचाराने केस कुक या कर्नल विकसकाच्या पुढाकाराने २०१८ मध्ये वेगळी साधने आली. त्यांत उत्तर मर्यादेबाहेर गेले, तर काटा शून्याकडे फिरत नाही, तो सर्वांत मोठ्या संख्येवर अडकून बसतो. तेवढी मेमरी कोणत्याच यंत्राकडे नसल्याने मागणी आपोआप नाकारली जाते. उपाय म्हटला तर लहान, पण विचार करणाऱ्याने मनुष्यस्वभाव ओळखलेला दिसतो. प्रोग्रॅमर तपासणी विसरणार, हे त्यात गृहीत धरले आहे.

इतके होऊनही जून २०१९ मध्ये नेटफ्लिक्स कंपनीच्या जोनाथन लूनी यांनी दाखवलेली चूक याच जातीची निघाली. दूरच्या संगणकाशी जोडणी होताना 'एका पाकिटात जास्तीत जास्त इतकाच मजकूर पाठवा' असे पलीकडचा संगणक सांगू शकतो. लिनक्स ही किंमत ४८ बाइटपर्यंत खाली येऊ देत असे. त्यातले ४० बाइट इतर नोंदींत गेले, तर मजकुराला उरतात आठ. कर्नल आपल्याकडचा पाठवायचा मजकूर ज्या गठ्ठ्यात ठेवतो, त्यात ३२ किलोबाइटचे १७ भाग मावतात, म्हणजे ५,५७,०५६ बाइट. आठाआठाचे तुकडे केले तर ६९,६३२. आणि तुकडे मोजणारा काटा होता १६ बिटांचा, ६५,५३५ च्या पुढे न जाणारा. काटा फिरला, हिशेब विस्कटला आणि यंत्र थांबले. २००९ पासूनच्या कर्नलमध्ये ही चूक होती. त्या यंत्रावर खाते असण्याचीही गरज नव्हती. जोडणी करता आली म्हणजे पुरे.

व्हॉल्व्हमनची किल्ली

आयपीटेबल्सच्या त्याच भागाकडे पुन्हा वळू. आकारावर काहीच मर्यादा नव्हती, असे म्हणणे अन्यायाचे होईल. मर्यादा होती, पण ती यंत्राच्या एकूण मेमरीइतकी होती. अख्ख्या धरणापेक्षा मोठी मागणी तेवढी अमान्य, असा हा नियम. तो लिहिणाऱ्या रस्टी रसेल यांनी ही तपासणी म्हणजे काटेकोरपणाचा अतिरेक असल्याची टीपही शेजारी ठेवली होती. त्या वेळी ती चुकीची नव्हती. फायरवॉलचे नियम बदलण्याचा अधिकार फक्त यंत्राच्या प्रशासकाला होता. ज्याच्या हाती सगळ्याच किल्ल्या आहेत, त्याने मेमरी संपवायचे ठरवले तर त्याला अडवणार कोण आणि कशासाठी?

पण फेब्रुवारी २०१३ मध्ये आलेल्या लिनक्सच्या ३.८ या आवृत्तीने चित्र पालटले. साध्या वापरकर्त्याला स्वतःचे एक बंदिस्त घर बांधून त्यापुरते प्रशासक होण्याची मुभा मिळाली. एकाच सर्व्हरवर अनेकांचे प्रोग्रॅम एकमेकांपासून वेगळे ठेवणारी कंटेनर पद्धती अशा सोयींवर उभी आहे आणि तिचा उपयोग वादातीत आहे. तरी परिणाम असा झाला, की गल्लीच्या व्हॉल्व्हमनकडे असलेली किल्ली प्रत्येक घरात पोहोचली. आणि व्हॉल्व्ह मात्र एकाच विश्वासू माणसासाठी बनवलेला राहिला. ज्या कोडमध्ये 'हे फक्त प्रशासकच करू शकतो' असे गृहीत धरलेले होते, त्या कोडपर्यंत आता कोणीही पोहोचू शकत होते. कोडची एक ओळही न बदलता तो असुरक्षित झाला. माझ्या मते या साऱ्या हकिगतीतली सर्वांत महत्त्वाची आणि सर्वांत कमी चर्चिली गेलेली गोष्ट हीच आहे.

ती उघडकीला आणली एका यंत्राने. गूगलने चालवलेला सिझबॉट हा स्वयंचलित परीक्षक कर्नलला दिवसरात्र वेडेवाकडे प्रश्न विचारत असतो. माणसाला जे मागण्याची लाज वाटेल, ते तो बिनदिक्कत मागतो. त्याने फायरवॉलकडे प्रचंड मोठ्या याद्यांची मागणी केली आणि यंत्राची मेमरी संपली. अशा वेळी लिनक्स सर्वाधिक मेमरी खाणारा एखादा प्रोग्रॅम निवडून बंद करतो, जेणेकरून त्याची जागा मोकळी व्हावी. इथे तो उपायही फोल ठरला. कारण यादी कोणत्याच प्रोग्रॅमच्या खोलीत नव्हती, ती कर्नलच्या साठ्यात होती. एकामागून एक निरपराध प्रोग्रॅम मारले, तरी त्या यादीतला बाइटही सुटणार नव्हता.

यावर जानेवारी २०१८ मध्ये मायकल होको यांनी मागणीची भाषा बदलली. मेमरी सहज मिळत असेल तर द्या, नसेल तर हट्ट न धरता लगेच नकार द्या, असे कर्नलला सांगण्यात आले. आधीच्या एका बदलात ही सूचना नकळत गळून गेली होती, ती परत आली. पाठोपाठ फ्लोरियन वेस्टफाल यांनी एका यादीवर ५१२ मेगाबाइटची निश्चित मर्यादा घातली. फायरवॉलच्या नियमांसाठी एवढी जागा कोणाला खरोखर लागत असेल, तर त्याने नियमांचाच फेरविचार करावा.

मर्यादा कशी लावावी, याची एकच रीत नसते. मजकूर साठवण्याच्या जागेबाबत लिनक्स वेगळे वागतो. अनेक वर्षे बहुतेक यंत्रांवर ही कमाल मर्यादा २,१२,९९२ बाइट होती. एखाद्या प्रोग्रॅमने दहा कोटी बाइट मागितले, तर कर्नल त्याला नाही म्हणत नसे. तो आकडा गुपचूप मर्यादेवर आणी, स्वतःच्या नोंदींसाठी दुप्पट करी आणि ४,२५,९८४ बाइट मंजूर करून मोकळा होई. आजही तीच पद्धत आहे. साठवणीची जागा थोडी कमी मिळाली तर काम संथ चालते, बंद पडत नाही. फायरवॉलच्या नियमांची यादी अर्धी स्वीकारली तर मात्र अर्धेच दार बंद होईल. म्हणून तिथे स्पष्ट नकारच योग्य.

आणि मर्यादा वाढवण्याचीही किंमत असते. लातूरहून नांदेडला एसटीने तीन खोक्यांचे पार्सल निघाले आणि मधले खोके आलेच नाही, तर पार्सल कार्यालय उरलेली दोन काही काळ ठेवून घेईल. कर्नल तुकड्यांतील पाकिटांसाठी तेच करतो, साधारण ३० सेकंद वाट पाहतो. अशा अपुऱ्या तुकड्यांसाठीची जागा २०१३ मध्ये ३.९ आवृत्तीत २५६ किलोबाइटवरून ४ मेगाबाइट करण्यात आली. वेगवान नेटवर्कसाठी ती वाढ समर्थनीयच होती. पण ऑगस्ट २०१८ मध्ये फिनलंडच्या युहा-मॅटी टिल्ली यांचे संशोधन प्रसिद्ध झाले. कधीच पूर्ण न होणारे तुकडे सतत पाठवत राहिले, तर या मोठ्या ढिगात प्रत्येक नव्या तुकड्याची जागा शोधण्यातच प्रोसेसर दमून जातो. मेमरी संपत नाही, वेळ संपतो. तातडीचा उपाय म्हणून जगभरच्या प्रशासकांनी मर्यादा पुन्हा २५६ किलोबाइटवर आणली.

खाते कोणाचे?

कमाल मर्यादा ठरली तरी एक वाट उरतेच. ५१२ मेगाबाइटची एक यादी मान्य असेल, तर चारशे मेगाबाइटच्या दहा याद्या कोणी आणल्या तर काय करायचे?

भाड्याच्या सर्व्हरवर प्रत्येक ग्राहकाला मेमरीचा ठरावीक वाटा असतो. समजा, नांदेडच्या एका छोट्या दुकानदाराच्या संकेतस्थळाला एक गीगाबाइट दिलेले आहे. त्याच यंत्रावर आणखी शंभर जणांची संकेतस्थळे असू शकतात. ग्राहकाच्या प्रोग्रॅमने वापरलेली मेमरी त्याच्या खात्यावर मांडली जाते, हे सरळ आहे. त्याच्या सांगण्यावरून कर्नलने स्वतःच्या साठ्यातून घेतलेली मेमरी कोणाच्या खात्यावर मांडायची? पूर्वी ती कोणाच्याच खात्यावर पडत नसे. रेशन कार्डावर नोंद न करता गोदामातून धान्य उचलण्याचाच हा प्रकार.

मेमरी मागतानाच 'ही मागणाऱ्याच्या खात्यावर मांडा' अशी खूण करण्याची सोय लिनक्समध्ये आहे आणि आयपीटेबल्समध्ये ती वापरली जात होती. परंतु तिचेच भावंड असलेल्या ईबीटेबल्स या दुसऱ्या फायरवॉलमध्ये ती करायची राहून गेली होती. सिझबॉटने तेही शोधले. मेमरीवर बंधन असलेल्या कोंडवाड्यात बसून त्याने केवळ या वाटेने अख्खे यंत्र मेमरीअभावी बंद पाडले. २०१९ च्या सुरुवातीला गूगलच्या शकील बट यांनी ती खूण जोडली. दुरुस्ती नगण्य दिसते, पण तिच्यावर इतर शंभर ग्राहकांचे चालू राहणे अवलंबून होते.

सांडलेले दोन बाइट

आतापर्यंतच्या चुका 'किती द्यायचे' या प्रश्नाभोवतीच्या होत्या. सर्वांत महागात पडलेली चूक वेगळी होती. तिच्यात मागणी रास्त होती, बेरीज बरोबर होती, मर्यादाही पाळली गेली होती. चूक झाली ती भरताना.

६४ बिटांच्या यंत्रावर ३२ बिटांचा जुना प्रोग्रॅम चालवता यावा, म्हणून कर्नल त्याच्या याद्या नव्या मापात रूपांतरित करून घेतो. नव्या मापात प्रत्येक नोंद आठाच्या पटीत संपावी लागते. नोंद थोडी अपुरी असेल, तर उरलेल्या फटीत शून्ये भरली जातात. २००६ मध्ये, २.६.१९ या आवृत्तीच्या वेळी आलेल्या कोडमध्ये ही शून्ये भरताना यादीची जागा तिथे संपते की नाही, हे पाहिले जात नव्हते. शेवटच्या नोंदीच्या फटीतील शून्ये जागेच्या बाहेर, शेजाऱ्याच्या हद्दीत पडू शकत होती. मोजकेच बाइट, तेही शून्याचे. लिहिणाऱ्याला हवा तो मजकूर लिहिता येत नव्हता.

एवढ्याने काय बिघडणार, असे कोणालाही वाटेल. गूगलमधील सुरक्षा संशोधक अँडी गुएन यांनी काय बिघडते, ते जुलै २०२१ मध्ये जगापुढे ठेवले. यादीचा आकार आपण ठरवू शकतो, म्हणजे कर्नलच्या साठ्यात शेजारी कोण येईल, हेही बऱ्याच अंशी ठरवता येते. त्यांनी तिथे दुसऱ्या एका कामाच्या नोंदी आणून बसवल्या. त्या नोंदीत पुढच्या नोंदीचा पत्ता असतो. त्या पत्त्याचे शेवटचे दोन बाइट शून्य झाले, की तो भलत्याच घराकडे बोट दाखवू लागतो. तिथून पायरीपायरीने ते यंत्राच्या संपूर्ण अधिकारांपर्यंत पोहोचले आणि गूगलच्याच चाचणी यंत्रणेतील कंटेनरच्या भिंती त्यांनी ओलांडून दाखवल्या. त्याबद्दलचे दहा हजार डॉलरचे बक्षीस धर्मादाय कार्यासाठी देण्यात आले. सीव्हीई-२०२१-२२५५५ ही या चुकीची अधिकृत नोंद. फायरवॉलच्या या दारापर्यंत साधा वापरकर्ता पोहोचला तो २०१३ मध्ये घरोघरी गेलेल्या त्याच किल्लीने.

दुरुस्ती एप्रिल २०२१ मध्येच झालेली होती आणि ती वाखाणण्याजोगी आहे. फट कुठे संपते, हे तपासणारी नवी अट वेस्टफाल यांनी घातली नाही. त्यांनी फटीत शून्ये भरणारा कोडच काढून टाकला आणि यादी उतरवून घेण्याआधी संपूर्ण जागा एकदाच शून्याने पुसून घेतली. जागेचा आकार कर्नलला पक्का ठाऊक असतो, त्यामुळे पुसताना बाहेर जाण्याचा प्रश्न येत नाही. मग फटी आपोआप शून्यच राहतात. पुसण्याचा आणखी एक फायदा असा, की आधीच्या कामाचे उष्टे, कोणाचा पासवर्ड किंवा पत्ता, नव्या मालकाच्या हाती लागत नाही.

भरतानाच्या चुकीचा याहून जुना एक मासला ३२ बिटांच्या प्रोग्रॅमांशी संबंधित कोडमधलाच आहे. संदेश पाठवताना कर्नल प्रोग्रॅमच्या मेमरीतून मजकुराची लांबी वाचून जागा करी आणि प्रत्यक्ष उतरवून घेताना तीच लांबी पुन्हा वाची. या दोन वाचनांच्या मधल्या क्षणात प्रोग्रॅमच्या दुसऱ्या भागाने आकडा बदलला, तर? मोजताना एक माप आणि ओतताना दुसरे. मराठवाड्यातल्या आडत बाजारात हा प्रकार कोणाला समजावून सांगावा लागणार नाही. २००५ मध्ये ही चूक दुरुस्त झाली. तेव्हापासूनचा दंडक असा, की बाहेरचा आकडा एकदाच आत घ्यायचा, आपल्या वहीत लिहायचा आणि पुढे त्या वहीकडेच पाहायचे. तरीही अशा चुका अधूनमधून सापडत राहतात.

जुन्या आयपीटेबल्सची जागा घेण्यासाठी जानेवारी २०१४ मध्ये ३.१३ आवृत्तीत एनएफटेबल्स ही नवी रचना आली. नव्या कोडने नव्या चुका आणल्या. सीव्हीई-२०२४-१०८६ ही त्यांतली गाजलेली, आणि तिचा वापर करून प्रत्यक्ष हल्ले झाल्याचे अमेरिकेच्या सायबर सुरक्षा यंत्रणेने मे २०२४ मध्ये नमूद केले. पण जुन्या चुकाही मरत नाहीत. याच यंत्रणेने ऑक्टोबर २०२५ मध्ये प्रत्यक्ष हल्ल्यांत वापरल्या जाणाऱ्या दोषांच्या आपल्या यादीत आणखी काही नावे घातली. त्यांत २०२१ मध्ये दुरुस्त झालेली ती दोन शून्यांची चूकही आहे. म्हणजे दुरुस्ती उपलब्ध होऊन साडेचार वर्षे झाली, तरी ती न बसवलेली यंत्रे शोधणाऱ्याला सापडतच होती.

याचे एक कारण अगदी सांसारिक आहे. ब्राउझरची दुरुस्ती ब्राउझर बंद करून उघडला की लागू होते. कर्नलची दुरुस्ती लागू होण्यासाठी, चालू कर्नलमध्येच ती बसवण्याची खास सोय घेतलेली नसेल तर, अख्खे यंत्र पुन्हा सुरू करावे लागते. निकालाचा दिवस, प्रवेशाची अखेरची तारीख, महिनाअखेरचे पगार अशी निमित्ते पुढे येतात आणि ते लांबत जाते. अनेक ठिकाणी सर्व्हर सांभाळणारे आपले यंत्र चारशे-पाचशे दिवसांत एकदाही बंद पडले नसल्याचे कौतुकाने सांगतात. अशा यंत्रावर बहुधा तेवढ्या दिवसांत कर्नलची एकही दुरुस्ती लागू झालेली नसते.